कोपऱ्यावरचा झेंडा

पांढुर्णा, ९ नोव्हेंबर

ताई,

काल तू मले फोनवर मूर्ख म्हटलं अन् मी फोन कापला. आपल्या दोघा बहीणभावाचं फोनवर दोन मिनिटांच्या वर जमतच नाही, म्हणून आता लिहून राहिलो. सौंसरच्या बसवरचा कंडक्टर गुणवंता सकाळी चिठ्ठी नेते अन् संध्याकाळी उत्तर आणून देते. चिठ्ठीत तुले मधात बोलता येत नाही, हा एक फायदा.

तर पुरतं ऐक. परवा क्लबची मिटिंग झाली. अध्यक्ष भगवंतराव म्हणाले, तीन वर्षांत तुमच्या हॉकी संघानं एक सामना जिंकला नाही. मागच्या सामन्याले आत बावीस जण अन् बाहेर नऊ, त्यातले तिघं बकऱ्या चारून राहिले होते. म्हणाले, भूपेंद्र, या हंगामाचे तीन सामने उरले. एक तरी जिंका अन् मैदानाभोवती माणूस दिसू द्या. नाही तर संघ बंद, मैदान क्रिकेटच्या पोट्ट्यायले.

ताई, मी एकेचाळीसचा झालो. दिवसभर मंडीत संत्र्याचे क्रेट गाडीवर चढवतो. तिथं मले कोणी नावानं हाक मारत नाही. संध्याकाळी पाचले मैदानात उतरलो की मी कप्तान असतो. ते गेलं तर मी करू काय? मिटिंग झाल्यापासून एका जागी बसवत नाही. जेवता जेवता उठतो. वंदना म्हणते, अहो घास तर गिळा.

अशात अतुलनं पेन ड्राइव्हवर एक जुना इंग्रजी सिनेमा आणला. अतुल म्हणजे आमचा फुलबॅक, दारात उभा राहिला की खोलीत अंधार होते तो. सिनेमा बरफावरच्या हॉकीचा. आमच्यासारखाच एक हरणारा संघ, त्याले कोणी विचारत नाही. मग ते मैदानात मारामारी सुरू करतात अन् पाहाले गाव लोटते. भाषा आमच्यातल्या एकाले समजली नाही, पण समजायचं ते सगळं समजलं. तीन वेळा पाहिला. येत्या रविवारी मोहगावशी सामना आहे. आता पाहा.

भूपेंद्र


सौंसर, ११ नोव्हेंबर

भूप्या,

चिठ्ठीतही तुला मूर्खच म्हणते. तो सिनेमा मला ठाऊक आहे. अरे, तो विनोदी सिनेमा आहे! त्या मारामाऱ्या बघून लोकांनी पोट धरून हसावं म्हणून केलेला. तीन वेळा पाहिलात आणि अकरा जणांत एकालाही हसू आलं नाही?

तुझा संघ का हरतो ते मी सांगते. चेंडू गेला की तुझे पुढचे खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे राहतात, जसं काही कोणी आणूनच देणार आहे. पेनल्टी कॉर्नरला चेंडू नीट थांबवणारा तुमच्यात एक माणूस नाही. रोज शंभर वेळा थांबवायला लाव. कंटाळवाणं काम आहे, त्यात टाळ्या नाहीत. मी शाळेत पोरींकडून तेच करून घेते आणि त्या मनातल्या मनात मला शिव्या घालतात. घालू देत.

आणखी एक. चार जानेवारीला पांढुर्णा-सौंसर सामना आहे. लीगचा रिवाज तुला माहीतच आहे, दोन्ही गावांचा एकेक अंपायर. तुमच्याकडून दत्तात्रय मास्तर, सौंसरकडून मी. भाऊ म्हणून तुला काही सूट मिळणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवते.

वंदनाला म्हणावं, याला जेवताना खुर्चीला बांधून ठेव.

अमिता


पांढुर्णा, १७ नोव्हेंबर

ताई,

हसायचं होतं हे आम्हाले कोण सांगणार होतं? अतुल तर वहीत लिहून घेत होता.

अन् तू काही म्हण, काम झालं! मोहगावशी एक-एक बरोबरी. तीन वर्षांत पहिला गुण! पहिल्या दहा मिनिटांत अतुलनं त्यांच्या एकाले उचलून नालीत ठेवला. फेकला नाही, ठेवला, हे लक्षात घे. मग त्यांनी आमच्या दोघांयले धरलं. कोणीतरी मोबाईलवर गावात कळवलं की हॉकीच्या मैदानात भांडण चालू आहे, अन् बाप्पा, काय लोकं आली! पानठेलेवाले ठेले सोडून आले. पाण्याच्या टँकरवर माणसं बसली होती. शेवटी शेवटी भगवंतराव स्वतः हातात खुर्ची घेऊन आले अन् म्हणाले, असं खेळत जा ना रे!

हिरवे कार्ड चार, पिवळे दोन. मोहगाववाले जाताना हात मिळवून गेले, म्हणून वाईट वाटून घेऊ नको. पुढचा रामाकोन्याशी, तिथं जाऊन खेळायचा आहे. तो जिंकलो की सुटलो.

मले आता रोज सकाळी चारलेच जाग येते.

भूपेंद्र


पांढुर्णा, ८ डिसेंबर

ताई,

तुझी मधातली चिठ्ठी मिळाली. रागावू नको, उत्तर द्यायले वेळ झाला नाही.

रामाकोन्याशी हरलो, दोन-तीन. एकच गोल कमी पडला. पण इथून चार गाड्या भरून लोकं आले होते, ढोल घेऊन! थोडी धक्काबुक्की झाली, विशेष काही नाही. आता फक्त सौंसर राहिलं. आता नाही तर कधीच नाही, एवढं मले दिसून राहिलं.

भूपेंद्र


सौंसर, १० डिसेंबर

विशेष काही नाही?

काल शाळेजवळच्या दाताच्या दवाखान्यात रामाकोन्याचा गोलकीपर बसलेला दिसला. केतन. माझा विद्यार्थी. वरचे पुढचे दोन दात गेलेत. 'मॅडम' म्हणायला गेला तर नुसती हवा आली. सतरा तारखेला त्याचं लग्न आहे, भूपेंद्र. त्याची आई यमुनाबाई शेजारी बसली होती. ती एवढंच म्हणाली, "तुमच्या भावाचाच संघ ना मॅडम?" मी खाली बघत उभी राहिले. आजवर कोणापुढे खाली बघितलं नव्हतं मी.

शेवटच्या मिनिटाला, बरोबरीसाठी, चेंडू अडवायला तो खाली वाकला असताना कोणीतरी स्टिक फिरवली, असं तो म्हणाला. कोणाची ते सांगेना. तू सांग.

अमिता


पांढुर्णा, १३ डिसेंबर

ताई,

स्टिक माझी होती.

चेंडूवरच घातली होती, असं मी चार दिवस स्वतःले सांगून राहिलो. पण नाही. एक गोल पाहिजे होता अन् समोर केतन होता, अन् डोकं फिरलं.

काल मंडीतून सुट्टी घेतली अन् रामाकोन्याले गेलो. सोबत काय न्यावं ते समजेना, तर संत्र्याचा एक क्रेट नेला. यमुनाबाईनं मले अंगणातच उभं ठेवलं. बसा म्हटलं नाही, पाणी दिलं नाही. बरोबरच केलं. केतन बाहेर आला. म्हणे, दादा, फोटोवाल्याले सांगून ठेवलं, नवरदेव लाजते असं समज अन् तोंड मिटलेलेच फोटो काढ. तो हसला. मी तिथंच बावीस वर्षांच्या पोट्ट्यासमोर रडायले लागलो. मग त्याच्या आईनं पाणी आणलं.

आता अंगावर स्टिक नाही, ताई. धक्का नाही. पोट्ट्यायले सांगितलं, जो मारीन तो घरी जाईन, अतुल असो की मी. पण खरं सांगू? मारामारी नाही तर लोकं येणार कायले? अन् लोकं नाही तर भगवंतराव जिंकलो तरी ऐकणार नाहीत. एका बाजूनं हात सोडवला की दुसऱ्या बाजूनं अडकते. डोक्यात नुसती चक्की फिरून राहिली.

भूपेंद्र


सौंसर, १६ डिसेंबर

भूप्या,

गेलास, हे बरं केलंस.

लोकांचं सोड. पेनल्टी कॉर्नर. चेंडू थांबवणं. रोज शंभर. तुझा तो अतुल खाली वाकतो का? वाकत असेल तर त्यालाच थांबवायला लाव. एवढा मोठा माणूस चेंडूमागे बसला तर चेंडू जाणार कुठे?

आमचा सौंसरचा संघ चांगला आहे, तुला घाबरवत नाही. पण त्यांचा डावा बचाव शेवटी थकतो. हे मी तुला सांगितलं नाही. अंपायर आहे मी.

उद्या केतनच्या लग्नाला चाललेय.

अमिता


पांढुर्णा, २ जानेवारी

ताई,

अतुल वाकते! पहिले आठ दिवस कमर धरून बोंबलला, आता चेंडू त्याच्या स्टिकले येऊन गप बसते. रोज शंभर झाले, शपथेवर. चेंडू गेला की पुढचे पोट्टे आता त्याच्यामागं पळून राहिले. तुझ्या शिव्या मीच त्यांयले पोचवतो.

अन् लोकांसाठी एक युक्ती सुचली. मारामारी नाही, केतनची शपथ. कोणाले खरचटणारही नाही. सांगत नाही, रविवारी येशील तेव्हा पाहशील. सगळं गाव येते पाहा!

भूपेंद्र


सौंसर, ५ जानेवारी

भूपेंद्र,

काल मैदानात तुझ्याशी बोलले नाही. बोलले असते तर तुला कानाखाली मारली असती, आणि अंपायरला ते चालत नाही. म्हणून लिहिते.

मैदानात आल्या आल्याच मला ते दिसलं. कोपऱ्यावर लीगच्या प्लास्टिकच्या दांडीच्या जागी पळसाची फांदी! तिला झेंडा बांधलेला. हळदकुंकू, नारळ, आणि आपल्या गल्लीतल्या पंचफुला काकू ओवाळत होत्या. ही तुझी युक्ती? अरे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत काय होतं ते तुला मी शिकवू? गोटमारीला नदीत पळस रोवतात, त्यावर झेंडा. अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव, दगड चालतात. आपल्या माणसाने झेंडा तोडून चंडीमातेच्या देवळात नेला की जिंकलं. संपलं. मग कोणी कोणाला खडाही मारत नाही. जन्मभर हेच पाहिलेल्या माणसांसमोर तू पूजा करून पळसावरचा झेंडा उभा केलास!

मीच तो काढायला लावायला हवा होता. हजारभर माणसं बघून माझीही जीभ उचलली नाही. ती माझी चूक, मी मान्य करते.

रिपोर्टची प्रत सोबत आहे. त्यात एवढंच लिहिलंय:

"पांढुर्णा १, सौंसर ०. गोल कर्णधार भूपेंद्र यांचा, पेनल्टी कॉर्नरवर. चार मिनिटे शिल्लक असताना सौंसरचा खेळाडू घसरून कोपऱ्यावरच्या झेंड्यावर आदळला व झेंडा वाकला. त्यावर पांढुर्ण्याच्या अतुल यांनी तो उपटला व घेऊन मैदानाबाहेर धावले. प्रेक्षक, पांढुर्ण्याचे इतर नऊ खेळाडू व दुसरे अंपायर त्यांच्या मागे गेले. कर्णधार मैदानावर थांबले. पंधरा मिनिटे वाट पाहिली. कोणी परतले नाही. नियमाप्रमाणे मैदान सोडणारा संघ हरला. सामना सौंसरला."

अमिता


पांढुर्णा, ६ जानेवारी

ताई,

मी अतुलले ओरडून राहिलो होतो, "थांब बे! चार मिनिटं आहेत!" पण 'चंडीमाता की जय' असा आवाज उठला की कोणाले काय ऐकू येते? दत्तात्रय मास्तर शिट्टी तोंडात धरूनच पळाले. मग मैदानात मी, तू अन् सौंसरचे अकरा. तुझ्याकडं पाहायची हिंमत झाली नाही.

आता इकडचं ऐक. गाव म्हणते आपण जिंकलो. झेंडा देवळात पोचला, विषय संपला. मंडीत मले हार घातला, व्यापारी कप्तान साहेब म्हणून चहा पाजून राहिले. भगवंतराव घरी आले. म्हणाले, संघ चालू राहील, नव्या स्टिक, नवे कपडे, सगळं करतो. फक्त तो रिपोर्ट पुढे जायले नको. अन् त्यासाठी मले काहीच करायचं नाही, ताई. मास्तर सही करत नाहीत. म्हणतात, मी तर झेंड्यासोबत होतो, मैदानात काय झालं मले काय माहीत? एका अंपायरच्या सहीचा रिपोर्ट लीगमध्ये चालत नाही. मास्तरांची नसली तर दुसरी सही हरलेल्या कप्तानाची लागते. मी गप बसलो की एक-शून्यच राहते. खोटंही बोलावं लागत नाही.

पण असं गप बसणं मनाले खाते, तूच बदल ना तो. वेळ संपला होता, एवढं लिही. चार मिनिटं, ताई! तेवढ्यात चहासुद्धा उकळत नाही. तीन वर्षांनी एक सामना, अन् तो गोल चोरीचा नव्हता. अतुलनं थांबवला, मी मारला, तुझ्या शंभरातला होता तो.

माझ्यावर दया कर.

भूपेंद्र


सौंसर, ८ जानेवारी

भूप्या,

नाही बदलणार.

तो गोल खरा होता. इतका खरा की दोन क्षण मी शिट्टी वाजवायची विसरले. पाठ फिरवून डोळे पुसले, कोणी पाहिलं असेल तर पाहो. पण पुढची चार मिनिटंही खरीच होती.

वंदनाचा फोन आला होता. म्हणाली, ताई, संघ बंद झाला तर हे घरात वेडे होतील, त्यांना बसताच येत नाही. ते काय मला माहीत नाही? लहानपणापासून तुझ्यामागे ताट घेऊन फिरलेय मी. म्हणून सही कर असं मी म्हणत नाही. करू नको असंही म्हणत नाही. खालची जागा रिकामी आहे, तारीख बारापर्यंत आहे. माझी काळजी करू नको. मला यात काही फरक पडत नाही.

अमिता


पांढुर्णा, ११ जानेवारी

ताई,

'मला काही फरक पडत नाही', असं तू लिहिलं. अन् मी मूर्खासारखं ते खरं मानलं. दोन दिवस आरामात हार घालून फिरलो.

आज सकाळी गुणवंतानं बस उभी करून मले बाजूले घेतलं. म्हणे, भूपेंद्रभाऊ, सौंसरात काय चालू आहे माहीत आहे का? स्टँडवर, शाळेत, सगळीकडं लोकं म्हणून राहिले की अमिता मॅडमनं भावाले जिंकवलं. रिपोर्ट लिहिल्याचं नाटक केलं अन् मुद्दाम एकच सही ठेवली. लीगवाल्यांनी तुझी शिट्टी जमा करून घेतली म्हणे. शाळेतल्या दोन पोरींच्या बापांनी त्यांयले खेळाले पाठवणं बंद केलं. सव्वीस वर्षं तू अंपायर आहे अन् हे तू मले एका ओळीनं कळवलं नाही. तुले चिठ्ठीतही खरं बोलता येत नाही, ताई?

मी तसाच भगवंतरावांच्या घरी गेलो. तिथं अतुल बसला होता, मास्तर होते, पुढच्या वर्षीच्या कपड्यांचा रंग ठरून राहिला होता. मी रिपोर्ट टेबलावर ठेवला अन् पेन मागितला. भगवंतराव म्हणाले, सही केली तर संघ आजच बंद, समजून कर. मी म्हटलं, समजलं. ते म्हणाले, बहिणीसाठी गाव हरवतो का? मी म्हटलं, गावाले मी हरवलं ते झेंडा रोवला तेव्हाच. ती तर फक्त जे झालं ते लिहून राहिली.

अतुल मागे मागे रस्त्यापर्यंत आला. डोळ्यात पाणी. म्हणे, दादा, मी तर झेंडा वाचवला ना? सौंसरवाले नेऊन राहिले होते. मी त्याले म्हटलं, हाव बे, वाचवला. एवढा मोठा माणूस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, अन् मीही रडलो. लोकं पाहून राहिले होते. पाहू दे.

संघ गेला, ताई. उद्यापासून मैदानात क्रिकेटवाले येतात. पाचले मी काय करणार ते मले माहीत नाही, खरंच माहीत नाही. आत्ता लिहितानाही दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आलो. मोठी जागा रिकामी झाली अंगातली.

रिपोर्ट गुणवंताच्या हाती दिला आहे, उघडाच. त्याले सांगितलं, सौंसरच्या स्टँडवर उतरल्यावर आधी मोठ्यानं वाच, सगळे ऐकतील असा, माझ्या नावासकट. मग मॅडमले नेऊन दे. सही तुझ्या सहीच्या खालीच आहे. नाव पुरतं लिहिलं, कोणालेही वाचता येते.

तुझा भाऊ
भूपेंद्र